लीड्सच्या हौदातला जड वायू आणि आपल्या डब्यांतले तीन सोडे

लीड्स स्टेशनातून सिटी स्क्वेअरकडे बाहेर पडलं की चौकात घोड्यावर बसलेला ब्लॅक प्रिन्स दिसतो. तो इतका मोठा आहे की बाकीच्या पुतळ्यांकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. त्या बाकीच्यांपैकी एक जोसेफ प्रीस्टली. 1767 ते 1773 या काळात तो चौकासमोरच्या मिल हिल चॅपलमध्ये धर्मोपदेशक होता. (आजची इमारत 1848 ची, त्याच्या वेळची जुनी वास्तू पाडून बांधलेली.) शाळेत आपण त्याचं नाव ऑक्सिजनच्या धड्यात वाचतो, पण तो शोध पुढचा आणि लीड्सबाहेरचा. लीड्समध्ये त्याला नाद लागला तो दुसऱ्याच एका वायूचा. आपल्या आधीच्या पिढीनं पाठ्यपुस्तकात ज्याला ‘कर्बद्विप्राणील’ म्हटलं आणि आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो, तो हा वायू.

ढोकळा का फुगतो, त्यावर कधीकधी लाल ठिपके का पडतात, गोटी सोड्यातली गोटी कशानं वर जाऊन बसते, लंडनच्या किटलीत पांढरा थर का साचतो आणि लीड्सच्या किटलीत का नाही, हे सगळं या एकाच वायूच्या चार-पाच गुणधर्मांवरून सांगता येतं. त्यातला एक गुणधर्म जिवावर बेतणारा आहे. त्याच्याकडे शेवटी येऊ.

लीड्सला आल्यावर प्रीस्टली सुरुवातीला मेडो लेनवर राहायला होता. शेजारी बिअरची भट्टी होती. (एअर नदीच्या त्याच दक्षिण काठावर पुढे 1822 पासून 2011 पर्यंत टेटलीची मोठी ब्रुअरी चालली.) बिअर आंबवायचे हौद तेव्हा वरून उघडे असत. यीस्ट साखर खातं आणि त्यातून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्या काळी या वायूला ‘फिक्स्ड एअर’ म्हणत, म्हणजे खडूसारख्या पदार्थांत अडकून बसलेली हवा. स्कॉटलंडमध्ये जोसेफ ब्लॅकनं 1750 च्या दशकात त्याचा अभ्यास केला होता, पण त्याला तो थोडाथोडा तयार करावा लागे. प्रीस्टलीला मात्र शेजारच्या भट्टीत हौद भरभरून फुकट मिळाला.

त्यानं काय पाहिलं? हौदातल्या आंबणाऱ्या द्रवावर साधारण नऊ इंच ते एक फूट जाडीचा या वायूचा थर असतो. पेटती ढलपी त्यात धरली की विझते. विझलेल्या ढलपीचा धूर त्या थरातच अडकून राहतो, त्यामुळे एरवी न दिसणाऱ्या वायूचा पृष्ठभाग दिसू लागतो. आणि मग तो धूर वायूबरोबर हौदाच्या काठावरून ओघळून जमिनीकडे जातो. वायू पाण्यासारखा सांडतो, हे त्यानं अशा प्रकारे डोळ्यांनी बघितलं.

आकड्यांत सांगायचं तर 20 अंश सेल्सियसला एक लिटर हवेचं वजन सुमारे 1.2 ग्रॅम भरतं आणि एक लिटर कार्बन डायऑक्साइडचं 1.84 ग्रॅम. म्हणजे हा वायू हवेच्या दीडपट जड. हे घरी बघायला भट्टी लागत नाही. दोन लिटरचा एक जग घ्या. त्यात चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे साधारण सव्वाचार ग्रॅम, खायचा सोडा टाका आणि 60 मिलिलिटर पांढरं व्हिनेगर ओता. इथल्या दुकानातलं व्हिनेगर साधारण पाच टक्के असतं, तेवढं त्या सोड्याला पुरतं. फसफसणं थांबेपर्यंत जग हलवू नका. यातून साधारण 1.2 लिटर वायू निघतो (थोडा द्रवातच विरघळून राहतो). आता शेजारी बुटकी मेणबत्ती पेटवून तिच्यावर जग हळूच वाकवा, पण व्हिनेगर बाहेर येऊ देऊ नका. रिकाम्या दिसणाऱ्या जगातून काहीतरी सांडतं आणि मेणबत्ती विझते. आठ-दहा वर्षांच्या मुलांसमोर हा प्रयोग एकदा करून भागत नाही, सोड्याचा पुडा संपेपर्यंत करावा लागतो, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रीस्टलीनं त्या हौदावर आणखी एक गोष्ट केली. दोन भांडी घेऊन वायूच्या थरात पाणी या भांड्यातून त्या भांड्यात असं तो ओतत राहिला. आपण चहा गार करायला कप-बशीत वरखाली करतो, तसंच. काही मिनिटांत पाण्याला चुरचुरीत आंबूस चव आली. हाच माणसानं हातानं बनवलेला सोडावॉटर. 1772 मध्ये त्यानं त्यावर छोटी पुस्तिका छापली. तिच्यातली कृती हौदावरची नव्हती. खडूवर सल्फ्युरिक आम्ल टाकायचं, निघालेला वायू डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत धरायचा आणि तिथून पाण्यात सोडायचा. पुढे डॉ. नूथ यांनी तक्रार केली की या पाण्याला पिशवीचा, म्हणजे सरळ सांगायचं तर मुताचा, वास येतो, आणि स्वतःचं काचेचं उपकरण पुढे आणलं. प्रीस्टलीनं यातून पैसा केला नाही. तो केला श्वेप या घड्याळजीनं, आधी जिनिव्हात आणि मग लंडनमध्ये. ते नाव आजही बाटलीवर असतं.

पुस्तिका मात्र त्यानं नौदलाच्या उपयोगासाठी मांडली होती. लांबच्या सफरीवर खलाशांना स्कर्व्ही होई, हिरड्या सडत, माणसं मरत. हा वायू सडणं थांबवतो अशी तेव्हाची समजूत होती, म्हणून सोडावॉटर प्यायला दिलं की स्कर्व्ही टळेल असा तर्क. तर्क नीटनेटका होता आणि निष्कर्ष चूक. स्कर्व्ही होते क जीवनसत्त्वाच्या अभावानं, आणि वायूत ते नसतं. लिंबू-सोड्यातलं औषध लिंबात असतं, सोडा फक्त चव आणतो.

वायू पाण्यात किती विरघळतो हे दोन गोष्टींवर ठरतं, तापमान आणि दाब. साध्या हवेच्या दाबाचा निव्वळ कार्बन डायऑक्साइड पाण्यावर ठेवला तर शून्य अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे 3.3 ग्रॅम विरघळतो, 20 अंशाला जेमतेम 1.7. म्हणून कोमट सोडा उघडला की अंगावर येतो आणि गार सोडा शहाण्यासारखा वागतो. बाटलीत याच्या कितीतरी पट वायू दाबानं कोंबलेला असतो, त्यामुळे प्रश्न येतो बुचाचा. बूच ढिलं पडलं की वायू गेला. यावरचा सर्वांत देखणा तोडगा 1872 साली हायरम कॉड या इंग्रज इंजिनिअरनं पेटंट केला: बाटलीच्या गळ्यातच काचेची गोटी ठेवायची, तोंडाशी रबराचं कडं बसवायचं, आणि बाटली उलटी धरून भरायची. सुलटी केली की आतला वायूच गोटीला कड्यावर दाबून धरतो. दाब जितका जास्त, तितकं बूच घट्ट. गोटी बोटानं आत ढकलली की तो ओळखीचा आवाज येतो. या बाटल्या जिथे मोठ्या प्रमाणावर होत, ते बार्न्सली लीड्सच्या दक्षिणेला विसेक मैलांवर आहे. इथे आता ती बाटली जुन्या वस्तूंच्या बाजारात शोभेची म्हणून मिळते. आपल्याकडे मात्र एसटी स्टँडबाहेर अजून ती फोडून देतात.

आता स्वयंपाकघरात येऊ, कारण ‘सोडा’ हा शब्द मराठीत फार घोळ घालतो. पिण्याचा सोडा म्हणजे वायू विरघळलेलं पाणी. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, इथल्या पुड्यावर ‘बायकार्बोनेट ऑफ सोडा’. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, इथे सुपरमार्केटमध्ये कपड्यांच्या साबणाशेजारी ‘सोडा क्रिस्टल्स’ नावानं मिळतो. आणि नाल्या साफ करायचा कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. दिसायला सगळे पांढरे. खायच्या सोड्याच्या पाण्याचा सामू 8.3 च्या आसपास असतो, म्हणजे किंचित आम्लारीधर्मी. धुण्याच्या सोड्याचा 11 च्या घरात जातो. कॉस्टिकचा 13-14, तो कातडी आणि डोळा जाळतो. सामूच्या मापात एक अंक म्हणजे दहा पट फरक, हे लक्षात घेतलं की 8 आणि 11 यांतलं अंतर किती मोठं आहे ते कळेल. नव्यानं इथे आलेल्या कुणाला ‘सोडा घेऊन ये’ असं सांगू नका, पुड्यावरचं पूर्ण नाव सांगा. आणि कुठलीही पांढरी पूड मूळ पुड्यातून काढून बिननावाच्या डब्यात भरू नका.

खायच्या सोड्याचा धुण्याचा सोडा घरच्या ओव्हनमध्येही होतो. 84 ग्रॅम सोडा मोजून ट्रेमध्ये पातळ पसरा आणि 200 अंशांवर तासभर ठेवा. गार झाल्यावर वजन करा. काटा 53 ग्रॅमच्या जवळपास थांबेल. उरलेले 31 ग्रॅम गेले कुठे? 22 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि 9 ग्रॅम पाण्याची वाफ होऊन उडून गेले. रसायनशास्त्रातलं ‘विघटन’ साध्या किचनच्या काट्यावर दिसणारं इतकं स्वस्त उदाहरण मला दुसरं माहीत नाही. ट्रेमध्ये उरलेली पूड आता खायची नाही, ती ओल्या हातानं चोळायचीही नाही. दोन सोड्यांतला फरक दाखवायला ती कामाला येते.

कशी, ते हळदीवरून. चिमूटभर हळद पाण्यात ढवळून दोन वाट्यांत घ्या. एकीत खायचा सोडा घाला, दुसरीत ओव्हनमधली पूड. पहिलीत रंग फारसा बदलत नाही, फार तर नारिंगीकडे झुकतो. दुसरीत तो झटकन तांबडालाल होतो. हळदीतलं कर्क्युमिन आम्लारीत लाल पडतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर, आणि हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो तोही याच कारणानं.

ढोकळ्यावरच्या लाल ठिपक्यांचं कोडं इथे सुटतं. सोड्याला लिंबू, ताक किंवा दही यांचं आम्ल मिळालं तर तो सगळा वायू सोडतो आणि मागे उरतं ते निरुपद्रवी क्षार आणि पाणी. आम्ल मिळालं नाही आणि नुसती उष्णता मिळाली, तर वायू निघतो निम्माच, आणि मागे राहतो धुण्याचा सोडा. पिठात सोड्याची गुठळी न फुटता राहिली की नेमकं हे होतं. त्या जागी हळद लाल होते, आणि घास तिथे लागला की साबणासारखी चव येते. सोडा चाळून, चमचाभर पाण्यात विरघळवून घालावा हे आजीचं सांगणं यासाठीच. इनोमध्ये सोड्याबरोबर सायट्रिक आम्ल आधीच मिसळलेलं असतं, म्हणून त्याला लिंबू नसलं तरी चालतं. (इनो हे चक्क आडनाव आहे. जेम्स क्रॉसली इनो हा इथून उत्तरेला न्यूकॅसलचा औषधविक्या.) बेकिंग पावडरचंही तसंच. तिच्यात कोरडं आम्ल आणि सोडा दोन्ही असतात, म्हणून रेसिपीत बेकिंग पावडरच्या जागी तेवढाच खायचा सोडा घातला तर पदार्थ बिघडतो.

चुन्याची निवळी हा या वायूचा जुना साक्षीदार. खायचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पानाचं सामान ठेवणाऱ्या आपल्या दुकानात मिळतो. लिटरभर पाण्यात तो दीड-पावणेदोन ग्रॅमच विरघळतो, आणि गंमत म्हणजे पाणी तापवलं तर आणखी कमी. थोडा चुना गार पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा आणि वरचं नितळ पाणी अलगद काढून घ्या. हे मोठ्यांनीच करायचं. चुना डोळ्यात गेला तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते, आणि चुन्याची ट्यूब मुलांच्या हातात फुटून असे अपघात होतात. गेलाच तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा, निदान वीस मिनिटं, आणि मग दवाखाना गाठायचा.

अर्धी वाटी निवळीत गार सोडावॉटरचे थोडे थेंब टाका. पाणी दुधाळ होतं, कारण न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडू, तयार झाला. बहुतेक पुस्तकं इथे थांबतात, पण खरी मजा पुढे आहे. आता निवळीच्या चार-पाच पट सोडावॉटर ओता आणि मिनिटभर ढवळा. दुधाळपणा जातो, पाणी पुन्हा नितळ. जास्तीच्या वायूनं खडूचं विरघळणारं कॅल्शियम बायकार्बोनेट केलं. आणि हेच नितळ पाणी भांड्यात उकळलं की वायू उडून जातो आणि खडू परत दिसू लागतो.

लंडनच्या किटलीत होतं ते हेच. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून हा वायू घेतं, दक्षिण इंग्लंडच्या खडूच्या थरांतून झिरपताना तो खडू विरघळवतं आणि नळाला येतं. किटलीत उकळलं की खडू तळाला बसतो. लीड्सचं बरंचसं पाणी मात्र वॉशबर्न खोऱ्यातल्या फ्यूस्टन, स्विन्स्टी यांसारख्या तलावांतून येतं. तिथला माळ वालुकाश्माचा आणि पीटचा, त्यात विरघळायला खडू जवळपास नाहीच, म्हणून पाणी मऊ. शेजारच्या हॅरोगेटची चहा कंपनी ‘यॉर्कशायर टी’चा जड पाण्यासाठी वेगळा चहा विकते, तो या फरकावर. लंडनच्या मावशीकडे राहायला गेलात तर तिच्या किटलीत थोडं व्हिनेगर घालून बघा. थर फसफसत जातो आणि बुडबुड्यांतून तोच वायू बाहेर पडतो.

आता तो जिवावर बेतणारा गुण. हौदावरचा वायू काठावरून ओघळून खाली जातो असं प्रीस्टलीनं पाहिलं. उघड्यावर तो विरून जातो. पण खाली खड्डा असेल, आणि हवा खेळती नसेल, तर तो तिथेच साचतो. त्याला रंग नाही, आणि सावध करील असा वास नाही.

सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरला हळद साठवायची पेवं आहेत. अरुंद तोंडाचे, आत रुंद होत जाणारे खोल खड्डे. हळद भरून तोंड बंद केलं की आतले किडे, बुरशी आणि स्वतः हळद मिळून ऑक्सिजन संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्यामुळे कीड मरते, म्हणून तर माल टिकतो. पण कीड ज्यानं मरते त्यानं माणूसही मरतो. पेव फोडल्यावर काही तास उघडं ठेवायचं, कंदील सोडून बघायचा, तो तेवता राहिला तरच उतरायचं, ही तिथली रीत. विहिरीत उतरतानाही गावोगाव हेच करत. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, पण फुटलेल्या पेवात लगेच उडी मारत नाहीत हे त्या शब्दाबरोबर पोचलेलं नाही.

कंदील विझला तर उतरायचं नाही, हे पक्कं. पण कंदील तेवत राहिला म्हणजे हवा चांगली, असं मात्र नाही. हवेत कार्बन डायऑक्साइड दहा टक्के झाला तर माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो, आणि तेवढ्यात ज्योत जळत असू शकते. गटारात किंवा मैल्याच्या टाकीत तर हायड्रोजन सल्फाइड असतो, तो ज्योत न विझवताच मारतो, आणि मिथेन असला तर कंदीलच स्फोटाचं कारण होतो. म्हणून आता काम करायचं ते मोजयंत्रावर.

हे गावाकडचंच नाही. लीड्समध्ये शिकायला आलेली आपली कितीतरी मुलं पबमध्ये काम करतात, आणि पबचं तळघर म्हणजे पेवच. बिअर वर ढकलायला तिथे कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर असतात. नेहमी दिसणारा एक सिलिंडर 6.35 किलोचा. तो पूर्ण गळला तर सुमारे साडेतीन हजार लिटर वायू निघतो. तळघर चार मीटर बाय चार मीटर आणि सव्वादोन मीटर उंच धरलं तर हवा साधारण 36 हजार लिटर. म्हणजे एका सिलिंडरनं सरासरी जवळपास दहा टक्के झाले, आणि वायू जड असल्यामुळे जमिनीलगत त्याहूनही जास्त. ब्रिटनमध्ये आठ तासांच्या कामासाठी मर्यादा आहे अर्धा टक्का, पंधरा मिनिटांसाठी दीड टक्का.

तेव्हा अशा कामावर पहिल्या दिवशीच विचारून घ्या: अलार्म कुठे आहे, तो चालतो का, आणि शेवटचा कधी तपासला. अलार्म वाजत असेल तर आत जायचं नाही. आत असताना डोकं दुखू लागलं, विनाकारण धाप लागली, घाम फुटला, तर हातातला क्रेट तिथेच टाकून वर यायचं. आणि खाली कुणी पडलेलं दिसलं तर धावत उतरू नका. विहिरीच्या अपघातात दुसरा आणि तिसरा माणूस जातो तो असाच, पहिल्याला काढायला गेलेला. दार उघडं टाका, इतरांना अडवा, 999 ला फोन करा आणि तळघरात वायू आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा.